पाच हजार चारशे फेऱ्यांचे तावडेकाका

तावडेकाका पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा त्यांनी आधी चपला काढल्या, मग चष्मा काढला आणि मग टेबलावरच्या माझ्या लॅपटॉपला कान लावला. डोळे मिटून.

"टीव्ही जरा बारीक कर रे," ते म्हणाले. मी केला. वैशाली पाण्याचा ग्लास घेऊन आली होती, ती तशीच उभी राहिली. डॉक्टर नाडी बघत असताना घरचे जसे श्वास धरून उभे असतात, तसे आम्ही नवराबायको एका लॅपटॉपभोवती उभे.

"पाच हजार चारशे," काका डोळे उघडून म्हणाले. "बॅटरी वाचवायला हळू फिरवतात मेले."

"काय हळू फिरवतात, काका?"

"हार्ड डिस्कची तबकडी. मिनिटाला पाच हजार चारशे फेऱ्या. साइज किती?"

"एक टीबी!" मी छाती काढून म्हणालो.

काकांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला वाटलं, मी घरात गांडूळ पाळल्याचं सांगितलंय.

खरं तर ते आले होते पाण्याची टाकी धुण्याच्या नोटिशीवर माझी सही घ्यायला. ती सही राहिलीच. टाकी मात्र धुतली गेली.

मुलुंड पूर्वेला आमच्या इमारतीत ते दुसऱ्या मजल्यावर राहतात, आम्ही तिसऱ्या. एका खासगी कंपनीच्या कॉम्प्युटर खात्यात सगळी नोकरी करून निवृत्त झालेले. वडील गिरणीत स्पिनिंगला होते. सुताची चाती मिनिटाला किती फेऱ्या घेते हे ते म्हणे नुसत्या आवाजावरून सांगायचे. "आमच्या घराण्यात फेऱ्या मोजायची रीतच आहे," काका सांगतात. "बाबांनी चातीच्या मोजल्या, मी तबकडीच्या मोजतो. आता त्या नवीन एसएसडीत काही फिरतच नाही, त्यामुळे माझ्या कानाला काम उरलं नाही. पण वेग! वेग बघ तिचा!"

काकांच्या गळ्यात शाळेच्या पीटी सरांसारखं स्टॉपवॉच असतं. इमारतीत कोणाचा लॅपटॉप सुरू व्हायला किती वेळ घेतो, हे त्यांना रहिवाशांच्या आडनावांसारखं पाठ. जिन्यात भेटले की "कसा आहेस?" नाही विचारत. "किती सेकंद?" विचारतात. आमच्याच इमारतीतल्या एका लग्नात ते नवरदेवाला आहेर देऊन पुढे सरकले, फोटोसाठी थांबले, आणि फोटोग्राफर "स्माइल" म्हणत असताना नवरदेवाच्या कानात म्हणाले, "लॅपटॉपची डिस्क भरू देऊ नको हां. थोडी मोकळी ठेव." त्या फोटोत नवरा गंभीर आहे तो त्यामुळे.

हे "थोडी मोकळी ठेव" त्यांचं आवडतं. "भरलेली डिस्क आणि भरलेलं पोट, दोन्ही झोपाळू," असं ते आमच्या फ्रिजसमोर उभे राहूनही म्हणाले होते. वैशालीला तो टोमणा वाटला. मला तो सल्ला वाटला. त्यावर आमचं भांडण झालं.

आता माझी चूक सांगतो. लॅपटॉप घ्यायला मी घाटकोपरच्या एका दुकानात एकटा गेलो होतो, हीच पहिली चूक. दोन मॉडेलं समोर होती. दोन्ही पातळ, दोन्ही हलकी, किंमत जवळजवळ सारखी. एकात दोनशे छप्पन्न जीबीची एसएसडी. दुसऱ्यात एक टीबीची हार्ड डिस्क. दोनशे छप्पन्न मोठं की हजार मोठं? मी वाण्याकडे डाळ घेतल्यासारखं हजार घेतलं. माझ्याकडे त्यात ठेवायला होतं काय? पाच बायोडेटा, भाडेकराराची एक प्रत आणि कधीच न ऐकलेले योगासनांचे धडे.

काकांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "विहीर केवढी ते विचारलंस. पोहरा केवढा, रहाट किती जोरात फिरतो, ते विचारलंस?"

"नाही."

"मगे बस आता काठावर तहानलेला."

बसलोच. मी शाळांना हजेरी आणि निकालाचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीत आहे. शाळेत जायचं, मुख्याध्यापकांसमोर लॅपटॉप उघडायचा आणि "बघा, एका क्लिकवर!" म्हणायचं, ही माझी नोकरी. पण क्लिक केल्यावर माझा लॅपटॉप विचारात पडायचा. मधलं गोल गोल फिरणारं चिन्ह मुख्याध्यापक बघायचे, शिपाई बघायचा, मी खिडकीबाहेरचं झाड बघायचो. चेंबूरच्या एका शाळेत तर चहा येऊन, पिऊन, कप परत गेले तरी पहिलं पान उघडेना. तिथल्या बाई शांतपणे म्हणाल्या, "अहो, एवढ्यात आम्ही सगळ्या शाळेची हजेरी तोंडी घेतो."

हे आमच्या शेट्टी मॅडमच्या कानावर गेलं. मॅडमनी मला बोलावलं. "सुहास, सोमवारी पवईची शाळा आहे. मोठी आहे. हे डेमो पण झोपलं ना, तर तू मंगळवारपासून फोनवर तक्रारी घे. फिरतीवर दुसऱ्याला पाठवते."

फोनवर तक्रारी म्हणजे दिवसभर कानाला हेडफोन आणि समोर कोणीतरी ओरडतंय. मला ते घरी मोफत मिळत होतं. मी शनिवारी संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरची बेल वाजवली.

"काका, वाट लागलीये."

"किती सेकंद?"

"सुरू व्हायला चार मिनिटं."

काकांनी छातीवर हात ठेवला. पण डोळे चमकले, हे मी पाहिलं. "नवीन एसएसडी घेऊन ये. पाचशेची पुरे. उद्या सकाळी नऊला ये. आणि रिकाम्या पोटी ये."

रविवारी नऊला गेलो. काकांनी आधी माझे योगासनांचे धडे पुसायला लावले. मग एका बाजूला त्यांचा जुना कॉम्प्युटर, त्याला वायरीने जोडलेली माझी जुनी डिस्क आणि नवी एसएसडी, आणि पडद्यावर एक हिरवी पट्टी, मुंगीच्या पावलाने पुढे सरकणारी. जुन्यातलं सगळं जसंच्या तसं नवीनमध्ये उतरवायचं, असा कार्यक्रम.

"मी वर जाऊन येतो, झालं की फोन करा," मी म्हणालो.

"खुळा काय तू? कॉपी चालू असताना मालकाने उठायचं नसतं."

"का?"

"नसतं म्हणजे नसतं. लाइट गेली तर? काही विचारलं तर? डेटा तुझा, निर्णय तुझा. बस."

बसलो. काकांनी घावणे केले. मग चहा. मग मला तबकडीचा कडेचा भाग आतल्या भागापेक्षा जलद का वाचला जातो हे जेवणाच्या ताटावर बोट फिरवून दाखवलं. मग पुन्हा चहा. दर अर्ध्या तासाने मी पट्टीकडे बघायचो आणि काका माझ्याकडे. बारा वाजता आतून बांगड्याच्या तिखल्याचा वास आला.

"जेवक थांबतलंस मां?" त्यांनी स्वयंपाकघरातून मालवणीत विचारलं.

"पर्याय आहे का, काका? अजून दीड तास दाखवतंय."

"नाही," काका खुशीत म्हणाले.

जेवताना कळलं की काकू मुलीकडे मेलबर्नला आहेत. बाळंतपणासाठी गेल्या होत्या, चार महिन्यांकरता. "सध्या तिकडेच आहे," काका म्हणाले. त्यांचा नातू आता शाळेत जातो. हे "सध्या" मी बांगड्याबरोबर गिळलं. मन माझं पवईत होतं.

पावणेदोनला काम संपलं. काकांनी एसएसडी माझ्या लॅपटॉपमध्ये बसवली, स्क्रू आवळले, स्टॉपवॉच हातात घेतलं आणि म्हणाले, "दाब." मी बटण दाबलं. अकरा सेकंद. काकांनी मला स्टॉपवॉच दाखवलं, मग भिंतीवरच्या त्यांच्या वडिलांच्या फोटोला दाखवलं.

सोमवारी पवईला मी "बघा, एका क्लिकवर" म्हणायच्या आत पान उघडलं. माझं वाक्य अर्धं राहिलं आणि काम पूर्ण मिळालं. शेट्टी मॅडम म्हणाल्या, "झकास." मी ऑफिसात सगळ्यांना काकांची कीर्ती सांगितली. पाच तास बसून कॉपी केली म्हणून. आमच्या ऑफिसचे कॉम्प्युटर सांभाळणारा म्हात्रे हसला.

"पाच तास? तेवढ्याला दीड तास खूप झाला. यूएसबीच्या जुन्या खाचेत लावलं असणार यार. काळी असते ती हळू. निळी असते ती जलद."

मला हर्ष झाला. तावडेकाकांना माहीत नसलेली एक गोष्ट मला माहीत झाली! उभ्या आयुष्यात अशी संधी येत नाही. पुढच्या रविवारी वैशालीच्या लॅपटॉपची प्रत काढून ठेवायचं निमित्त काढून मी खाली गेलो. काका दार उघडूनच उभे होते. टेबलावर दोन ताटं आधीच पालथी घालून ठेवलेली.

"सुरमई आणली आहे," ते म्हणाले. "मसाला लावून ठेवलाय. मुरायला हवी. तू जोडणी कर, मी चहा टाकतो."

ते आत गेले. मी वैशालीचा लॅपटॉप आणि प्रत ठेवायची डिस्क त्यांच्या कॉम्प्युटरजवळ नेली. मागच्या बाजूला खाचा होत्या. काळी होती, निळीही होती. मी विजयी मुद्रेने डिस्कची वायर निळीत घातली. पट्टी सुरू झाली. मुंगी नव्हे, उंदीर. शिल्लक वेळ: बावीस मिनिटं.

आता काका आले की कसं सांगायचं, याची मी मनात तालीम करत होतो. "काका, राग मानू नका, पण..." आणि तेवढ्यात मला निळ्या खाचेच्या वर चिकटवलेली चिठ्ठी दिसली. छोटीशी, पिवळी पडलेली, चिकटपट्टी कडेने सुटलेली. त्यावर काकांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: जलद.

अर्ध्या सेकंदासाठी लग्नात नवरदेवाला अडवणारा माणूस. तो काळ्या खाचेत वायर घालतो, आणि मालकाने उठायचं नसतं असं सांगतो.

काका चहाचे दोन कप घेऊन बाहेर आले. पडद्याकडे पाहिलं. मग खाचेकडे पाहिलं. कप खाली ठेवायचे राहिले.

"बावीस मिनिटं," ते म्हणाले. वेगाचा आकडा सांगताना त्यांचा आवाज एवढा बारीक मी कधी ऐकला नव्हता. "बरं झालं. तुला लवकर जाता येईल. वैशाली वाट बघत असेल. सुरमई काय, रात्री होईल मला एकट्याला."

मी वायर ओढून परत काळीत घालायला हात पुढे केला.

"मेल्या, मध्येच काढू नको!" काका ओरडले. "डेटा जाईल!"

हात मागे घेतला. बावीसची एकवीस झाली. एवढ्या वर्षांत माझ्या लॅपटॉपने मला रडवलं, पण इतक्या जलद कधी नाही. आणि मग जे सुचलं ते बोललो.

"काका, पण कॉपी नीट झाली की नाही, हे कसं कळणार?"

"कॉम्प्युटर तपासतो ना शेवटी. आपोआप."

"कॉम्प्युटरवर काय विश्वास? वैशालीचे फोटो आहेत यात, अकरा हजार. एखादा खराब निघाला तर ती मला घरात घेणार नाही. एकेक उघडून बघावा लागेल."

काका माझ्याकडे बघत राहिले. स्टॉपवॉच गळ्यात होतं, त्याला हात लागला नाही.

"एकेक?"

"एकेक. आज होणार नाहीत सगळे. पुढच्या रविवारी पण यावं लागेल."

"हां," काका सावकाश म्हणाले. "तसं बघायलाच हवं. डेटाच्या बाबतीत घाई चालत नाही."

त्यांनी कप ठेवले, आत जाऊन गॅस बारीक केला आणि खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसले. चष्मा पुसला. प्रत पूर्ण झाल्यावर मी पहिला फोटो उघडला. तो माझ्या अंगठ्याचा होता, अर्धा पडदा व्यापून, मागे काहीतरी हिरवं. काकांनी तो बराच वेळ नीट पाहिला.

"चांगला आहे," ते म्हणाले. "खंय काढलंस?"