झरीला बदली

खोब्रागडे प्रोग्रामच्या बदल्या करतात. यवतमाळातल्या आमच्या दैनिकाच्या कचेरीत ते कॉम्प्युटर सांभाळतात. सगळे लिनक्स प्रणालीवर चालतात. नवा प्रोग्राम टाकला की तो ठरलेल्या जागी आपोआप जाऊन बसतो. जगभर हेच चालतं. खोब्रागड्यांना तो स्वतःचा अपमान वाटतो. "आपोआप कायले? जागा मी देईन," म्हणत ते प्रत्येकाचा पत्ता स्वतः टाइप करतात.

त्यासाठी त्यांनी जिल्ह्यातल्या गावांच्या नावांचे तीन फोल्डर केले होते. लाडक्यांना 'यवतमाळ', संशयितांना 'दारव्हा' आणि मनातून उतरलेल्यांना जिल्ह्याच्या पार टोकाची 'झरी'. पानं जुळवणारा प्रोग्राम निवडणूक निकालाच्या दिवशी अडकला. दुसऱ्या दिवशी त्याची झरीला रवानगी झाली. कोण कुठे आहे हे एकट्या खोब्रागड्यांना ठाऊक. त्यामुळे त्यांचा चहा संपेपर्यंत संपादकही टेबलापाशी उभे राहत. ही व्यवस्था त्यांना पसंत असावी.

शेजारच्या टेबलावर मुद्रितशोधक सलमा आपा. त्यांची नजर उतरत चालली आहे. मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा एक जुना प्रोग्राम आहे, त्याच्या आधाराने त्या चुका पकडतात. घरात कमावत्या त्या एकट्याच. रोज सकाळी त्यांचा एकच प्रश्न.

"काय खोब्रागडे, आज कोणाची बदली?"

"तुमचीच करून राह्यलो, आपा. झरीले."

"करा ना. तिथं तुमचं तोंड तरी दिसणार नाही."

"आता तरी कुठं दिसते तुम्हाले?"

आम्ही सगळ्यांनी माना खाली घातल्या. आपा मात्र खदखदून हसल्या.

मग मुख्य कार्यालयाचा आदेश आला. खासगी फोल्डर बंद. सगळे प्रोग्राम ठरलेल्या जागी, नव्या आवृत्तीत. आपांच्या प्रोग्रामची नवी आवृत्ती मराठी वाचत नाही, हे तेव्हा कळलं. त्या दिवशी आपांनी बदलीची चौकशी केली नाही.

नागपूरहून इंजिनिअर आला. भांडण बघायला सगळे जमलो. खोब्रागडे म्हणजे साध्या माउसवरून आठवडाभर भांडलेले गृहस्थ. 'यवतमाळ' पुसलं गेलं. खोब्रागड्यांनी इंजिनिअरला चहा सांगितला. 'दारव्हा' गेलं. त्यांनी बिस्किटं पुढे केली.

"या झरीत काय आहे?"

"कचरा. मनातून उतरलेला माल. पाहत बसले तर गाडी चुकन तुमची."

इंजिनिअरने घड्याळ पाहिलं आणि लॅपटॉप मिटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आपांच्या कॉम्प्युटरमधला आवाज पहिली बातमी मराठीत वाचू लागला. तो जुना प्रोग्राम पुसायचा कसा राहिला, असं मी खोब्रागड्यांना विचारलं.

"आदेश आला त्याच दिवशी झरीले बदली केलती. तिथवर साहेब लोक जात नाहीत."

पलीकडून हाक आली. "काय खोब्रागडे, आज कोणाची बदली?"

त्यांच्या हाताखाली आता झरीच तेवढी उरली होती.

"कोणाचीच नाही," ते म्हणाले. "तुम्ही ऐका, आपा."