ब्रेक ऑइल जाते कुठी?

राजुऱ्यात घड्याळं दुरुस्त करणारे तिघं आहेत, पण हातात कसब असलेला एकच, आणि तो म्हणजे मी! मोहरीएवढं चाक मी चिमट्यानं उचलतो, तेही श्वास रोखून. मग माझ्या जुन्या जीपचं ब्रेक ऑइल कुठून गळतं, एवढं शोधायला मला मेकॅनिक कशाला लागतो?

जीप माझ्यापेक्षा दोनच वर्षांनी लहान, भंगारवाल्याकडून स्वस्तात घेतलेली, वर नवा हिरवा रंग मारलेली. चार दिवसांपासून ब्रेकवर पाय ठेवला की गादीवर ठेवल्यासारखा खाली जायचा. डबीत ऑइल भरावं, तर दुसऱ्या दिवशी अर्धं गायब. आणि जमिनीवर एक थेंब नाही! त्यात रविवारी गोंडपिपरीला, सासुरवाडीला पोचायचं होतं. धाकट्या साळीला पाहायला पाहुणे येणार होते, आणि आमची दिव्यानी, म्हणजे सौभाग्यवती, ‘आमी आपल्या जीपनं येऊन राह्यलो’ असं माहेरी कळवून बसली होती!

“अजी, चौकातल्या मुबीनभाईले दाखवा ना,” ती म्हणाली.

“काऊन? मेकॅनिकचा डोळा तेज का घड्याळवाल्याचा?”

शनिवारी सकाळी मी चारही चाकं आणि सगळे पाइप पुसून कोरडे केले. मग त्यांच्यावर दिव्यानीच्या पावडरचा अख्खा डबा झटकला. जिथं गळेल, तिथं पावडर ओली होईल! चाकांना नीट पावडर लागावी म्हणून खालचे दगडही काढून टाकले. जीप नवरीसारखी घमघमायला लागली. डोळ्याला भिंग लावून मी लांबच्या लांब तिच्याखाली सरकलो.

शेजारचे भैयाजी कुंपणावरून वाकले. “चंदनभाऊ, किती वाजले तिच्यात?”

मी दुर्लक्ष केलं. दिव्यानीला वर बसवलं. घाबरून तिनं एका हातात हँडब्रेकचा दांडा घट्ट धरला होता, हे मला खालून काय दिसणार!

“दाब!”

“दाबला!”

“सोड! दाब! सोड! दाब!”

चाकं कोरडी. पाइप कोरडे. ओरडून ओरडून माझा घसाही कोरडा.

“आता सोड वं!”

“काय सोडू?”

“जे धरलं हाय ते सोड!”

तिनं हँडब्रेक सोडला.

आमचं अंगण उताराचं. माझ्या डोळ्यासमोरून आधी गिअरबॉक्स गेला, मग मागचा आस गेला, आणि मग एकदम निळंभोर आभाळ आलं! मी उताणा तिथंच, जीप मात्र निघालेली.

“ब्रेक दाब!” मी पडल्या पडल्या ओरडलो.

“दाबूनच राह्यले नं! लागत नाई!”

जीप कुंपण मोडून भैयाजींच्या भाताच्या तणसाच्या ढिगात शिरली आणि थांबली. मी धावलो. तणसातून दिव्यानी बाहेर आली, केसांत काड्या, डोळ्यांत आग. “काई नाई झालं मले,” ती म्हणाली. मग पाय उचलून पाहत किंचाळली, “माझी नवीन चप्पल! हे काय चिकट चिकट?”

मी बोट लावलं, वास घेतला. ब्रेक ऑइल! पेडलच्या वरच्या सिलिंडरचं रबर गेलं होतं. ऑइल दांड्यावरून आत ओघळायचं आणि पायाखालचं गोणपाट ते पिऊन टाकायचं.

“सापडलं!” मी ओरडलो.

“कोनाले सापडलं?” दिव्यानीनं विचारलं.

मी मुबीनला बोलावलं. आम्ही जीप ढकलत आणून भिंतीकडे तोंड करून लावली. तासाभरात त्यानं नवीन रबर बसवलं. ब्रेक असा लागला की काय सांगू! त्या आनंदात ऑइलचा डबा माझ्याच कोपरानं बॉनेटवर कलंडला आणि ऑइल पुढच्या अंगानं खाली ओघळलं.

“भाऊ, लगेच पाण्यानं धुवा, हे रंग खाते,” मुबीन म्हणाला.

धुणारच होतो. पण भैयाजींनी तणस पुन्हा रचायला बोलावलं, आणि राहून गेलं.

रविवारी घाईघाईत जीप मागं घेतली आणि निघालो. काय तो थाट! एक सायकलवाला आम्हाला पाहून खाली उतरला. चहाच्या टपरीवरची माणसं उठून उभी राहिली. एका म्हाताऱ्यानं टोपी काढली. एसटीनं हॉर्न न वाजवता रस्ता दिला!

“पाह्यलं? दूरदूरपर्यंत ओळखतेत मले!” मी म्हणालो. दोघांनी हसून सगळ्यांना हात हलवले. लोक आणखीच गंभीर झाले.

गोंडपिपरीला सासरे दादाजींच्या दारात जीप थांबवली. अंगणातल्या पाहुण्यांनी हातातले चहाचे कप खाली ठेवले. मुलाच्या आजोबांनी पायातले जोडे काढले, हळूहळू जवळ आले, माझा हात हातात घेतला आणि कापऱ्या आवाजात विचारलं, “कोन गेलं जी?”

तोवर मुलाच्या मामानं मागचं दार उघडून आत डोकावलं. आत आम्ही आणलेले पाच किलो पेढे होते.

मी जीपच्या पुढं गेलो. बॉनेटच्या पुढच्या अंगाचा हिरवा रंग पापडासारखा सोलून निघाला होता. त्याखाली ठळक पांढरी अक्षरं होती: ‘स्वर्गरथ’.

दिव्यानी माझ्याकडे पाहत होती. दादाजी पाहत होते. साळी खिडकीतून पाहत होती.

“कोनी नाई गेलं जी,” मी आजोबांना म्हणालो, “रंग गेला.”