डबल बेल दिल्याशिवाय

गहिनीनाथ तात्यांची मोटारसायकल डबल बेल दिल्याशिवाय जागची हलत नाही. किक मारून झालेली असते, इंजिन धडधडत असतं, मी मागे पिशवी आवरून बसलेली असते, रस्ता मोकळा असतो, आणि तात्या दोन्ही हात हँडलवर ठेवून सरळ पुढे बघत बसून राहतात. शेवटी मान न वळवता म्हणतात, "कंडक्टर, झोपलात का काय?" मग मला आठवतं. मागच्या कॅरियरला त्यांनी सायकलची घंटी बसवलेली आहे. ती मी दोनदा वाजवायची, की गाडी सुटते. एकदा वाजवली की थांबते. मागे एकदा करंजीच्या घाटात, ऐन चढावर माझी पिशवी घंटीला लागली, तर त्यांनी गाडी शिस्तीत कडेला घेऊन विचारलं होतं, "कोन उतरतंय?"

मागच्या सीटवर मी एकटीच होते. उतरणार कोण?

तात्या म्हणजे आमच्या तिसगावातले माझे शेजारी. एकतीस वर्षं एसटीत ड्रायव्हर होते. रिटायर होऊन सहा वर्षं झाली, पण ते अंगातून उतरलेलं नाही. लोकांच्या घरात दाराला कडी असते, तात्यांच्या दाराआड पाटी आहे, 'चालत्या गाडीतून उतरू नये.' चहा करतानाही आधी घड्याळ बघतात. सुमनमावशी, म्हणजे त्यांची बायको, चार वर्षांपूर्वी गेल्या. मुलगा पुण्याला. तेव्हापासून घरात तात्या, एक रेडिओ आणि ही मोटारसायकल. तिला त्यांनी स्वतःच्या हाताने एसटीचा लाल रंग दिला आहे. पुढे दिव्याखाली पत्र्याची पाटी टांगलेली. एका बाजूला 'तिसगाव – नगर', उलटी केली की 'नगर – तिसगाव'. परतीच्या वाटेवर पाटी फिरवायची राहिली, तर भिंगारपर्यंत आलेली गाडी थांबवून ते खाली उतरतात. लोकांची दिशाभूल झालेली त्यांना चालत नाही.

एसटीचा संप सुरू झाला त्या हिवाळ्यात मी या गाडीची कंडक्टर झाले. मी नगरला एका कॉलेजच्या लायब्ररीत कामाला. तेव्हा अकरा वर्षं कंत्राटी होते, दर वर्षी नवा कागद आणि दर वर्षी तीच धाकधूक. नवरा श्रीरामपूरला नोकरीला, घरची गाडी त्याच्याकडे. एसटी बंद पडली तशी मी दोन दिवस जीपने गेले. पहिल्या दिवशी माझ्या मांडीवर एक अनोळखी बाई होती, दुसऱ्या दिवशी मी एका अनोळखी बाईच्या मांडीवर. तिसऱ्या दिवशी तात्या आमच्या अंगणात खाकी घालून उभे.

"शोभे, उद्यापास्नं आपली गाडी हाय. टायमिंग सात धा. उशीर झाला तर थांबनार न्हाई."

माझ्या सासूबाई दारातून म्हणाल्या, "तात्या, थांबनार न्हाई तर मंग तुमी नेनार कोनाला?" तात्यांनी त्यावर नुसतं घड्याळ बघितलं.

ते घरी असले की मला शोभे म्हणतात, अरेतुरे करतात. गाडीवर बसलं की मी 'कंडक्टर' आणि एकदम 'तुमी'. चालत्या गाडीत बोलायचं नाही, कारण चालकाशी बोलू नये. वेग पस्तीस. उसाने भरलेला ट्रॅक्टर दोन ट्रॉल्यांसकट आम्हाला मागे टाकून जायचा आणि ट्रॉलीवर बसलेली ऊसतोडीची पोरं आम्हाला टाटा करायची. मी चिडले तर तात्या म्हणत, "जाऊ द्या त्याला. त्याला टायमिंग न्हाई, आपल्याला हाय." प्रत्येक थांब्यावर गाडी थांबणार म्हणजे थांबणारच. करंजी, कौडगाव, मेहेकरी. रिकाम्या शेडसमोर उभं राहून ते उजवी-डावीकडे बघत, कुणी प्रवासी आहे का याची खात्री करत. समजा असता, तर तो बसला कुठे असता, हे विचारायची सोय नव्हती.

पण देवराईच्या फाट्यावर तर शेडही नव्हती. नुसतं कडुनिंबाचं झाड. तिथे गाडी पूर्ण दोन मिनिटं उभी. इंजिन बंद. तात्या झाडाकडे बघत बसत आणि मग हळूच म्हणत, "द्या डबल बेल." मी एकदा विचारलं, इथे कशाला? तर म्हणाले, "इनंती थांबा हाय." विनंती कुणाची, ते सांगितलं नाही.

आता खरी गोष्ट. अकरा वर्षांनी पहिल्यांदा मला कायम करायचा विषय निघाला होता. सोमवारी सकाळी दहाला मुलाखत. पत्रात स्वच्छ लिहिलं होतं, दहानंतर येणाऱ्यास आत घेतलं जाणार नाही. एक जागा, आम्ही चौघी. मी ते पत्र गाडीवर बसता बसता तात्यांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाले, "साडेनवाला तुमाला गेटावर सोडतो. लेखी पायजे का?"

शनिवारी परतताना ते नगरच्या स्टँडवर संपकऱ्यांच्या मांडवात डोकावले. जुने सोबती तिथे बसलेले. चहा झाला, थट्टा झाली. तेवढ्यात एकाचं लक्ष लाल मोटारसायकलकडे गेलं, पाटीकडे गेलं, घंटीकडे गेलं.

"तात्या, आमी इथं संपावर, आन तुमी गाडी काढली व्हय? टायमिंग लावून? कंडक्टर घिऊन?"

सगळा मांडव हसला. मीही हसले. तात्या हसले नाहीत. परतीच्या वाटेवर त्यांनी एकही थांबा चुकवला नाही, पण पाठ ताठ होती.

रविवारी सकाळी सासूबाई मला हलवून म्हणाल्या, "ऊठ, तुझी गाडी संपावर गेली."

मला वाटलं, म्हातारीने स्वप्न बघितलं. बाहेर येऊन बघते तर तात्यांच्या ओट्यावर सतरंजी अंथरलेली. मोटारसायकल स्टँडवर, हँडलला झेंडूचा हार, पाटीवर कापड गुंडाळलेलं. शेजारी तात्या मांडी घालून बसलेले.

"तात्या, हे काय?"

"संप. बेमुदत."

"अहो, उद्या माझी मुलाखत आहे."

"माहीत हाय."

"मग मागणी काय तुमची?"

"माजी कायबी मागनी न्हाई. पाठिंबा हाय. माजी मानसं थंडीत तिथं मांडवात बसल्यात आन मी फेऱ्या मारतोय. एकतीस वर्सं ज्यांच्याबरोबर भाकर खाल्ली त्यांच्याम्होरं तोंड दाखवायचं कसं?"

मी समजावलं की ते थट्टा करत होते. मी म्हटलं की तुमच्या फेरीने कुणाचं पोट मारलं जात नाही. मी हात जोडले. सासूबाईंनी आपल्या पद्धतीने प्रयत्न केला, म्हणजे शिव्या घातल्या. तात्या जागचे हलेनात. संध्याकाळी माझा तोल सुटला. मी म्हटलं, "सुमनमावशी असत्या तर त्यांनी तुम्हाला असं बसू दिलं नसतं. रस्त्यावरचं माणूस टाकून त्या कधी गेल्या नाहीत."

तात्यांचा चेहरा उतरला. उठले, सतरंजीची घडी केली, आत गेले आणि दार लावून घेतलं. मला बोलल्याचं वाईट वाटलं, आणि खोटं का सांगू, रागही गेला नव्हता.

सोमवारी मी सातला रस्त्यावर उभी. जीप येत होत्या त्या टपावरसुद्धा माणसं घेऊन. सव्वाआठला एकीत पाय ठेवायला जागा मिळाली. पाच-सहा किलोमीटर गेलो आणि देवराईच्या फाट्यावर तिचं मागचं चाक बसलं. ड्रायव्हरने स्टेपनी काढली, तर ती आधीच बसलेली. माणसं उतरली, पांगली, कुणी दुचाकीला लटकून गेलं, कुणी वस्तीकडे वळलं. मी कडुनिंबाखाली. हातात प्रमाणपत्रांची फाईल आणि नऊ वाजत आलेले.

मी येणाऱ्या प्रत्येक गाडीला हात करायला लागले. ट्रक गेला. कार गेली, आतल्या माणसाने मला नमस्कार केला. दुधाचा टेम्पो गेला. अकरा वर्षं माझ्या डोळ्यांसमोरून चालली होती आणि एकही ब्रेक लागत नव्हता. रडू यायला लागलं होतं, पण हात खाली घेतला नाही.

आणि तिसगावच्या बाजूने लाल ठिपका दिसला. वेग पस्तीस. तात्या. मागच्या सीटवर भाकरीचं भलंमोठं गाठोडं, मांडवातल्या लोकांसाठी. मला बघितलं आणि त्यांचा पाय ब्रेकवर असा पडला की गाडी झाडापाशी अर्धी फिरली. तोंड पांढरं पडलं होतं. माझ्याकडे बघत होते, पण मला बघत होते असं वाटलं नाही.

"हात केला तुमी," ते म्हणाले.

"तात्या, नऊ वाजून पाच मिनिटं झालीत."

त्यांनी गाठोडं उचलून टाकीवर घेतलं. "बसा. संप हाय, म्हनून फेरी न्हाई. जादा गाडी हाय. इनावाहक, इनाथांबा."

मी सवयीने घंटीला हात लावला. त्याआधीच गाडी सुटली होती.

मला वाटलं होतं की या मोटारसायकलला चाळीसच्या पुढे आकडेच नाहीत. साठ दिसले. पासष्ट दिसले. करंजी आली तशी गेली. घाटात त्यांनी उसाचे दोन ट्रॅक्टर वळणाआधी सरळ रस्त्यावर मागे टाकले, हॉर्न असा लांब की तो एसटीचाच वाटावा, आणि मी, चाळिशीची बाई, ट्रॉलीवरच्या पोरांना ओरडून टाटा केला. कौडगावची शेड, मेहेकरीची शेड. प्रत्येक शेडपाशी तात्यांची मान किंचित डावीकडे वळायची, कुणी हात केलेला नाही एवढं बघायची आणि मूठ पुन्हा पिळली जायची. माझी वेणी सुटली, फाईल मी दातात धरायची बाकी होती. भिंगारला गर्दी. तात्या त्या गर्दीतून वाटा काढत गेले; बावन्न सीटची गाडी नेणाऱ्या माणसाला दोन चाकं म्हणजे सुट्टीच. कॉलेजच्या गेटावर घड्याळ बघितलं. नऊ बावन्न.

"केस नीट करा," तात्या म्हणाले. "आन घाबरू नको, शोभे."

एका दमात 'करा'वाली कंडक्टरही आणि 'घाबरू नको'वाली शोभाही, असं पहिल्यांदाच झालं.

मुलाखत झाली. चांगली झाली, आणि पुढे मी कायमही झाले. संध्याकाळी मी मांडवात गेले, तर तात्या माणसांना भाकरी वाढत होते आणि ज्याने थट्टा केली होती तोच त्यांच्यासमोर कान धरून हसत होता. परतीला त्यांनी पाटी फिरवली. मी डबल बेल दिली. घाट उतरल्यावर त्यांनी आपला नियम मोडला. चालत्या गाडीत, पाठमोरे, बोलायला लागले.

"तवा आमी देवराईला वस्तीवर ऱ्हायचो. सुमन रोज दुपारी फाट्यावर डबा घिऊन उभी ऱ्हायची. हात करायची, मी थांबायचो, खिडकीतनं डबा घ्यायचो. एक दिवस गाडी उशिरा हुती. मागं तपासनीची जीप. मी म्हनलं, ऱ्हाऊ दे, एक दिवस उपाशी ऱ्हाऊ. तिनं हात केलेला दिसला मला. न्हाई थांबलो."

वाऱ्यात शब्द अर्धे ऐकू येत होते. मी पुढे वाकले.

"डबा नव्हताच त्या दिवशी तिच्या हातात. पिशवी हुती. आई नगरच्या दवाखान्यात हुती तिची, निरोप आल्ता. पुढची गाडी दोन तासांनी. ही पोचली तवर आई गेली हुती."

समोरून ट्रक आला, तात्यांनी गाडी कडेला घेऊन तो जाऊ दिला.

"बोलली न्हाई कायबी. एका शब्दानं न्हाई. आईचे दिवस झाले तशी पुन्हा डबा घिऊन फाट्यावर उभी. पन शोभे, त्यानंतर तिनं हात न्हाई केला कधी. नुसती उभी ऱ्हायची. थांबायचं तर थांबा. मी सतरा वर्सं वाट बघितली, ती कवा हात करंल म्हनून."

फाटा आला. गाडी झाडापाशी उभी राहिली.

पुढे संप मिटला. गाड्या सुरू झाल्या त्या दिवशी तात्या ओट्यावर बसून पान्याने घंटी काढत होते. "बरं झालं, तुझी गाडी सुरू झाली," म्हणाले. मी गावच्या स्टँडवर गेले. पहिली एसटी उभी होती, आत जेमतेम सातजण. मी परत आले.

"तात्या, गाडीला फार गर्दी आहे. उभंसुद्धा राहता येत नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना दुरून गाडीचा आवाज ऐकून प्रवासी मोजता येतात. घंटी पुन्हा बसवली, किक मारली.

देवराईच्या फाट्यावर त्यांनी इंजिन बंद केलं. दोन मिनिटं झाली. त्यांनी सवयीने म्हटलं, "द्या डबल बेल." मी दिली नाही; आज टायमिंग राहू दे. एसटी मागून आली आणि आमच्या शेजारून निघून गेली. तात्या झाडाकडे बघत राहिले, आणि मी घंटीवरचा हात काढून मांडीवर ठेवला.