हॉलमधला तीन नंबरचा कॅमेरा

आमच्या बंद पडलेल्या टीव्ही स्टुडिओचं सामान विकायला काढलंय असं कळलं आणि मी ठरवलं, नुसतं बघून यायचं. संध्याकाळी चार हमालांसह घरी परतलो. सोबत होता तीन नंबरचा स्टुडिओ कॅमेरा. चाकांच्या स्टँडसकट माझ्याहून उंच आणि (बायकोच्या मते) माझ्याइतकाच निरुपयोगी.

"हे काय आणलंत?"

"अगं, याच कॅमेऱ्यावर माझी बावीस वर्षं गेली!"

"मग त्यालाही तिथेच राहू द्यायचं होतं. सोफा कुठाय?"

"जिन्यात. तात्पुरता."

आता तुम्हाला म्हणून सांगतो. लग्न ठरताना मी कॅमेरामन असल्याचं सांगितलं होतं. प्रत्यक्षात मी केबलवाला. कॅमेरामन कॅमेरा ढकलायचा आणि मी मागून मनगटाएवढी जाड केबल उचलत, सोडत, गुंडाळत फिरायचो. मोठमोठे कलावंत येऊन गेले म्हणतात. मी पाहिली ती कॅमेरामनची पाठ. पण सासुरवाडीला एकदा सांगितलं ते सांगितलं.

बायकोने तोडगा काढला. जुने कॅमेरे जमवणाऱ्या मंडळाच्या अध्यक्षांना बोलवायचं. त्यांनी पसंत केला तर राहील, नाहीतर सोमवारी भंगारवाला. हे अध्यक्ष स्वतः निवृत्त कॅमेरामन निघाले. म्हणजे कॅमेऱ्याबरोबर माझीही परीक्षा. माझी झोपच उडाली.

रविवारी अध्यक्ष आले. कॅमेऱ्यावरून हात फिरवताना त्यांचे डोळे भरून आले. "काय काय पाहिलं असेल हो याने!" म्हणाले. मलाही गहिवरून आलं. तेवढ्यात ते माझ्याकडे वळले.

"चला, चालवून दाखवा. वहिनींनाही बघू दे."

वहिनी हात पुसत समोर येऊन उभ्या. मी आयुष्यात पहिल्यांदा कॅमेऱ्याच्या मुठी धरल्या. चार खटके दिसले. त्यातला एक मोठ्या आत्मविश्वासाने (म्हणजे डोळे मिटून) ओढला. तो चाकांचा ब्रेक होता, आणि तो सुटला.

आमच्या हॉलची फरशी बाल्कनीकडे उतरती आहे (बिल्डरची कृपा), आणि वाटेत बायकोचं काचेचं कपाट. कॅमेरा निघाला. मी घाबरून मुठी सोडल्या. अध्यक्षांनी झडप घालून त्या धरल्या, आणि तेही निघाले.

"अहो, माझे कप!" बायको किंचाळली.

पुढचं माझ्या डोक्याने केलं नाही, हातांनी केलं. कॅमेऱ्यामागे लोंबणारी त्याची जुनी केबल पकडली, दाराच्या चौकटीला पाय लावला आणि मागे रेललो. कॅमेरा कपाटापासून चार बोटांवर थांबला. अध्यक्ष त्याला मिठी मारून उभे. एक कप हलला नाही! जिन्यातल्या सोफ्यावर बसून बघणाऱ्या शेजाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि मी सवयीप्रमाणे उरलेली केबल इंग्रजी आठच्या आकड्यात गुंडाळून मोकळा झालो.

अध्यक्ष माझ्या हातांकडे बघतच राहिले.

"तुम्ही कॅमेरामन नव्हताच! तुम्ही केबलवर होता!"

संपलं, म्हटलं.

"अहो, मग आधी नाही का सांगायचं? मंडळात सोळा कॅमेरामन आहेत, एकालाही केबल गुंडाळता येत नाही! सहा वर्षं खोलीभर नुसता गुंता पडलाय. आजपासून तुम्ही आमचे सन्माननीय सदस्य. आणि वहिनी, हा कॅमेरा इथून हलता कामा नये!"

मी जिंकलो होतो. अध्यक्षांना जिन्यापर्यंत पोचवून आलो, शेजाऱ्यांना हात केला, आणि मग बायकोसमोर मान खाली घालून उभा राहिलो.

"इतकी वर्षं तुला फसवलं. रागावलीस?"

"छे हो," कपाटाची काच पुसत ती म्हणाली. "लग्न झाल्या झाल्या तुम्ही माझे छत्तीस फोटो काढलेत. एकातही मला डोकं नाही. तुम्ही कॅमेरामन नाही हे मला तेव्हाच कळलं. फक्त ते लोक तुम्हाला पगार कशाचा देतात, ते आज कळलं."