सर्वांत जबाबदार

सकाळी दहा वाजता बँक बुडाल्याची चौकशी करणाऱ्या सरकारी आयोगाचा अहवाल जाहीर झाला. टीव्हीवर त्यातलं एकच वाक्य वाचून दाखवलं: "संकटकाळात कर्जविभागाचे प्रमुख हेच सर्वांत जबाबदार अधिकारी होते."

हे निवृत्त प्रमुख म्हणजे आपले काका. त्यांना चहाचा ठसका लागला. आता पेन्शन बंद होणार, हे त्यांनी ओळखलं. काकूंनी भलतंच ओळखलं.

"ऐकलंत? सर्वांत जबाबदार! आणि मी वेडी, जन्मभर तुम्हाला धांदरट म्हणत आले."

"अगं, त्याचा अर्थ..."

"अर्थ कळतो मला. सरकार उगाच कुणाला चांगलं म्हणत नाही."

काकांनी पुढचं वाक्य जुळवेपर्यंत विहीणबाईंना फोन गेलासुद्धा. दुपारपर्यंत बातमी इमारतभर झाली. सोसायटीला बरेच दिवस खजिनदार मिळत नव्हता. सरकारनेच पारखून दिलेला माणूस कोण सोडतो? संध्याकाळी सेक्रेटरींनी हार घातला. काकांनी खुलासा करायला तोंड उघडलं, पण टाळ्या थांबेनात. टाळ्या थांबल्या तेव्हा त्यांची मान चांगलीच ताठ झाली होती, आणि खुलासा राहून गेला.

दुसऱ्या दिवशी त्यांचा जुना सहायक तोंड पाडून आला. प्रत्येक कर्जावर दोघांच्या सह्या होत्या, मग अहवालात एकटे साहेबच कसे, असा त्याचा सवाल होता.

"अरे, नाव नाही यातच तुझं भलं आहे," काका हळूच म्हणाले.

"म्हणजे मी अगदीच किरकोळ होतो, असंच ना साहेब?"

काका समजावत राहिले. त्याने तडक आयोगाकडे अर्ज केला: मलाही तितकाच जबाबदार धरावं.

असा अर्ज आयोगाने कधी पाहिला नव्हता. 'जबाबदार' म्हणजे नेमकं काय म्हणायचं होतं, यावर बैठक बसली. अध्यक्ष म्हणाले, दोषी. ज्या सदस्यांनी वाक्य लिहिलं होतं ते म्हणाले, छे, ती स्तुती होती. सुनावणीला वेळेवर आलेले हे प्रमुख एकटेच, असं त्यांचं म्हणणं. शब्दावरून खडाजंगी झाली आणि सरकारने आयोगाला मुदतवाढ दिली. अर्थ ठरेपर्यंत पेन्शन चालू राहील, असं अर्थखात्याने कळवलं आहे.

आयोगाने आता एक भाषातज्ज्ञ नेमला आहे. त्याने काल पहिला आक्षेप घेतला तो 'संकट' या शब्दाला.