पाणकावळ्याचे पंख

पेपरात फोटो छापून आला त्या रविवारी प्राध्यापक विनायक ठोसर सकाळी सहालाच उठले आणि करंजाड्याच्या नाक्यावरून एकाच पेपरच्या आठ प्रती घेऊन आले. बातमी तिसऱ्या पानावर होती. ‘पाणकावळ्याच्या पोटात नवा कृमी, पनवेलच्या प्राध्यापकांचा शोध.’ खाली चौकटीत आणखी एक मथळा होता, ‘पाणकावळा भात खाऊ लागला!’

"किड्याचा फोटो एवढा मोठा आणि तुमचा तिकिटाएवढा?" त्यांच्या बायकोने, नीताने, चष्मा पुसत विचारलं.

"शोध त्याचा लागलाय, नीता. माझा नाही."

"येऊ दे मोठा. नऊ वर्षं माझ्या फ्रिजचा वरचा कप्पा अडवलाय त्याच्या खानदानाने."

नऊ वर्षं ही अतिशयोक्ती नव्हती. ‘पनवेल-उरण परिसरातील पाणपक्ष्यांमधील चपटे कृमी’ या विषयावर सरांनी पीएच.डी.ला नाव घातलं, तेव्हापासून घरात मेलेले बगळे, पाणकोंबड्या आणि पाणकावळे यांचा राबता होता. खाडीकाठच्या कोळीवाड्यातल्या गंगाबाईंच्या जाळ्यात एखादा पक्षी अडकून मेला, की त्या तो बर्फात घालून ठेवत. सर तो आणत, आतडी उघडत, आतले कृमी काचांमध्ये दाबून चपटे करत, लाल रंगात रंगवत आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची डोकी, डोक्यावरचे बारीक आकडे नि चिकटून राहायची चोषके मोजत बसत. या माणसाला इतक्या प्रेमाने आपल्याकडे बघताना नीताने लग्नानंतर पाहिलं नव्हतं.

पण मागच्या वर्षी चार महिने एकही पक्षी मेला नाही. इकडे मार्गदर्शकांचं पत्र आलं, की जूनपर्यंत काम दाखवा, नाहीतर नोंदणी रद्द होईल. सर गंगाबाईंच्या अंगणात जाऊन सुतकी चेहऱ्याने बसले.

"एक तरी मिळेल का हो, मावशी? आठ वर्षं पाण्यात जातील माझी."

गंगाबाई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बसा मास्तर. सकालीच गावलाय एक पाणकावला. पण कुत्र्यान फाडलान. आतडी तेवढी हायेत. साफ करून देते, वेल लागंल."

त्या घरामागे गेल्या. तासाभराने त्यांनी सरांच्या हातात डबा ठेवला आणि म्हणाल्या, आता जेवूनच जा. आनंदाच्या भरात सर तांदळाच्या तीन भाकऱ्या जेवले. रस्सा दोनदा मागून घेतला.

त्याच डब्यात हा कृमी निघाला. या शास्त्राची रीत अशी, की कृमी ओळखायचा तर आधी पक्षी कोणता ते बघायचं, आणि मग त्या पक्ष्याच्या कृमींचे ग्रंथ उघडायचे. सरांनी पाणकावळ्याचे सगळे ग्रंथ उघडले. एकातही हा गडी नव्हता. म्हणजे नवी जात! आतड्यात तांदळाच्या कण्या सापडल्या, तेव्हा खाडीतली मासळी घटल्यामुळे पाणकावळे भाताकडे वळले, असा एक जोड-सिद्धांतही त्यांनी मांडला. नवी जात सापडली की तिला कुणाचं तरी नाव देऊन त्या माणसाचा मान करायचा, अशीही या लोकांची रीत आहे. सरांनी फार विचार केला नाही. पुढे लॅटिनमधलं लांबलचक कुळनाव आणि मागे ‘गंगाबाई’ असं कृमीचं बारसं झालं. निबंध एका नियतकालिकाकडे रवाना झाला आणि पेपरवाल्यांपर्यंतही पोचला.

तर त्या रविवारी सर स्कूटर काढून पनवेलला बद्रुद्दीनच्या दुकानात चिकन आणायला गेले. दुकानात गर्दी होती. पेपर तराजूशेजारी उघडाच होता.

"मुबारक हो, प्रोफेसर साहेब!" बद्रुद्दीन हात पुसत पुढे आला. "सकाळपासून गिऱ्हाईकांना दाखवतोय. आपले नेहमीचे साहेब आहेत म्हणून सांगतो. पण एक बोलू? गुस्सा नका होऊ."

"बोला ना."

"हा किडा मी ओळखतो."

सर समजूतदारपणे हसले. "कसा ओळखाल? जगात कुणीच ओळखत नव्हतं. नवी जात आहे ती."

"नवी कुठली, साहेब? बावीस वर्षं बघतोय. गावठी कोंबडी साफ करताना हटकून निघतो." बद्रुद्दीनने मागच्या टोपलीतून नुकतीच काढलेली आतडी घेतली, लाकडी ओंडक्यावर ठेवली आणि सुरीने सरळ चिरली. आत पांढऱ्या फितीसारखं काहीतरी वळवळलं. "हे बघा. आणि पोटात कणी निघाली असंही छापलंय. कणी तर आपण कोंबडीला घालतो. पाणकावळ्याला कोण घालतं?"

गिऱ्हाइकं ओंडक्याभोवती जमली. एकाने पेपरातला फोटो त्या फितीशेजारी धरला आणि म्हणाला, "सेम टू सेम." सरांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्यांनी चिकन घेतलंच नाही. आतडी तेवढी पिशवीत बांधून घेतली आणि मान खाली घालून स्कूटरला किक मारली.

सोमवार आणि मंगळवार त्यांनी त्या फिती काचेत दाबण्यात, रंगवण्यात आणि मोजण्यात घालवले. आकडे तेवढेच. चोषके तेवढीच. मग त्यांनी प्रथमच कोंबडीच्या कृमींचं पुस्तक उघडलं. पहिल्याच प्रकरणात, पानभर चित्रासकट, गंगाबाई हजर होत्या! नवी जात कसली, शंभर वर्षांची जुनी, कोंबड्या पाळणाऱ्या कुठल्याही माणसाला माहीत असलेली.

"असं कसं झालं?" नीताने विचारलं.

"मावशींनी फसवलं मला," सर म्हणाले. "पाणकावळा म्हणून कोंबडी दिली." आणि क्षणभर त्यांना बरं वाटलं.

मग पुरावा दाखवायला म्हणून त्यांनी नोंदवही उघडली, आणि ते बरं वाटणं तिथेच संपलं. पान सत्तेचाळीस. त्यांच्याच टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: ‘पक्षी: छोटा पाणकावळा. लिंग: नर. पंखाची लांबी: एकोणीस सेंटिमीटर आठ मिलिमीटर. उरलेल्या पक्ष्याचे काय केले: कुजल्याने टाकून दिला.’

नीताने ते दोनदा वाचलं. "पण त्यांनी तर फक्त आतडी दिली होती ना?"

"हो."

"मग पंख कुणाचा मोजलात?"

सरांनी पंख मोजलाच नव्हता. रकाने रिकामे राहिले तर निबंध परत येतो, म्हणून पुस्तकातला सरासरी आकडा घेऊन त्यांनी तो भरला होता. वर तो खरा वाटावा म्हणून आठ मिलिमीटर जोडले होते. वर्गात दरवर्षी ते पोरांना बजावत, की जे पाहिलं नाही ते लिहायचं नाही. कॉलेजात कळलं तर? त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली, की त्यांनी वही मिटून वर उशी ठेवली.

बुधवारी गंगाबाईंचा मुलगा कल्पेश दारात. हा कळंबोलीला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात होता आणि उत्साहाने नुसता फुलला होता. "सर, येत्या रविवारी गावदेवीच्या मंडपात सत्कार! तुमचा नि आईचा. सरपंच येतायत. फ्लेक्स छापायला टाकलाय, बारा बाय आठ."

"कल्पेश, अरे, जरा थांबता आलं तर..."

"पैशाची काळजी नको सर, गावाने वर्गणी काढलीये. आमच्या आईचं नाव जगाच्या पुस्तकात गेलं, चेष्टा हाय का?"

 शुक्रवारी सर सगळं सांगून टाकायला मन घट्ट करून कोळीवाड्यात गेले. गंगाबाई अंगणात सुकट वाळत घालत होत्या. सरांना पाहताच त्या सूप टाकून आत गेल्या आणि आतून सुनेकरवी निरोप आला, की डोकं दुखतंय. सर परत फिरले. जाताना त्यांना नाक्यावर फ्लेक्स दिसला. डावीकडे सर, उजवीकडे सगळे दागिने घातलेल्या गंगाबाई, आणि मधोमध सहा फुटी कृमी. खाली ‘हार्दिक अभिनंदन’.

रविवारी मंडप भरला. शाल, श्रीफळ, हार सगळं झालं. सरपंच बोलायला उठले आणि खाडी, परंपरा, विज्ञान असं करत चांगलेच लांबले. सर आणि गंगाबाई शेजारशेजारच्या खुर्च्यांवर बसले होते. दोघांच्याही माना खाली.

"मास्तर," गंगाबाई पुटपुटल्या. "तो पाणकावला नव्हता."

"माहीत आहे, मावशी."

"तुमचा तोंड बघवंना मना. म्हटला, आतडी ती आतडी, कुनाला कलतंय? कोंबरी कापली. आता ह्यो एवरा झाला. मना चार दिस जेवान गेला नाय." त्यांनी पदराने डोळे टिपले. "मी उठून सांगते सगल्यांना. चूक माजी हाय. तुमी गप बसा."

सरांच्या मनात एक फार वाईट विचार येऊन गेला. गप्प बसलं तर? बाई स्वतःच सांगतेय. आपण बिचारे फसलेले प्राध्यापक. पान सत्तेचाळीस कोण बघायला येतंय? त्यांनी समोर पाहिलं. नाक्यावरचा फ्लेक्स आता मंडपाच्या तोंडाशी लावला होता. सहा फुटी कृमी त्यांच्याकडेच बघत होता.

"नाही मावशी. पंख मी मोजले होते."

"कुठलं पंख?"

"तेच तर," सर म्हणाले आणि उठले.

सरपंचांच्या हातातून त्यांनी जवळजवळ माइक ओढूनच घेतला. सगळं सांगितलं. कृमी नवा नाही, कोंबडीचा आहे. मावशींनी दयेपोटी आतडी दिली, पण न पाहिलेल्या पक्ष्याचे पंख मोजले ते आपण. निबंध उद्याच मागे घेतो. शाल काढून त्यांनी घडी घातली आणि टेबलावर ठेवली.  कल्पेश फ्लेक्सकडे बघत होता.

"म्हंजे आईचा नाव गेला?" त्याने विचारलं.

"गेलं," सर म्हणाले. त्या वेळी त्यांना जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

मागच्या रांगेत म्हातारा दिनानाथ उठला. हा गंगाबाईंचा शेजारी. "थांबा, थांबा. गंगे, कंची कोंबरी? ती लाल? ती तर अंड्यावर होती! तू मना सांगलास मुंगसान नेली."

"नाय नेली," गंगाबाई कशाबशा म्हणाल्या.

"मंग कोंबरी गेली कुठं?"

"जाते कुठं? मास्तरांनी खाल्ली. रस्सा दोनदा घेतला."

आधी बायकांच्या बाजूला कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळा मंडपच हसू लागला. सरपंचांनी डोळे पुसत शाल पुन्हा सरांच्या खांद्यावर टाकली. दिलेली शाल परत घ्यायची गावात पद्धत नाही, म्हणाले. सरही हसले, पण थोडंच. मावशींनी आपल्यासाठी अंडी उबवत बसलेली कोंबडी कापली, हे त्यांना आत्ता कळत होतं.

घरी आल्यावर त्यांनी नियतकालिकाला पत्र लिहिलं. मग उशीखालची वही काढली आणि पान सत्तेचाळीस उघडलं. एकेक ओळ खोडून शेजारी नवी लिहिली. ‘पक्षी: कोंबडी, गावठी, लाल. लिंग: मादी, अंड्यावर होती. पंखाची लांबी: मोजली नाही.’

उरला शेवटचा रकाना, ‘उरलेल्या पक्ष्याचे काय केले’. मग ‘कुजल्याने टाकून दिला’ यावर आडवी रेघ मारली आणि टपोऱ्या अक्षरात लिहिलं, ‘संशोधकाने खाल्ला.’