हेल्मेटवरचा कॅमेरा

मुलानं सायकल काय घेतली, सगळा रस्ता वाडवडिलांनी याच्याच नावावर करून ठेवल्यासारखा वागायला लागला. कुणी हॉर्न वाजवला की भांडण, कुणी जवळून गेलं की भांडण. त्यात हेल्मेटवर एवढासा कॅमेरा! दिवसभराची भांडणं संध्याकाळी टीव्हीवर लावायची आणि गाड्यांचे नंबर वाहतूक ऑफिसला पाठवायचे. आईचा गुडघा कसा आहे हे विचारायला फुरसत नाही, पण परक्याच्या नंबरप्लेटची चौकशी अगदी जातीनं!

आज मात्र त्याची चाहूल लागताच आई घाईनं खुर्चीत जाऊन बसली.

"आज एक जबरी सापडलीय," बूट न काढताच तो म्हणाला. "ड्रायव्हिंग स्कूलची गाडी. चौकात मला आडवी आली! आत एक बाई. चूक तिची, आणि वर माझ्यावरच हातवारे! काच बंद होती, पण शिव्याच देत असणार."

शिव्याच होत्या. आईला माहीत होतं, कारण तिनंच दिल्या होत्या.

मुलाच्या वडिलांची गाडी ते गेल्यापासून अंगणात कापडाखाली उभी होती. तीस वर्षं ते गाडीत बसताना आईला एकच सांगत, "तू फक्त दार नीट लाव." आता मुलगा म्हणत होता, चालवणारं कोणी नाही, रविवारी विकून टाकू. म्हणून महिनाभर गुडघ्याच्या व्यायामाला जाते असं सांगून आई गाडी शिकत होती. शाळा चौथीतच सुटलेली, पण सुनेनं वाचून दाखवलेल्या रस्त्याच्या सगळ्या खुणा तिला तोंडपाठ होत्या. उद्या दहाला परीक्षा. आज तक्रार गेली तर उद्या गाडी शिकवणाऱ्या मास्तरांना वाहतूक ऑफिसात बोलावणं, परीक्षा बारगळणार आणि रविवारी गाडी गेली.

"आधी जेवून घे," आई म्हणाली.

"आधी बघू. रिमोट कुठंय?"

रिमोट आईच्या खाली होता. आई जड झाल्यासारखी खुर्चीत रुतून बसली, नको ते बटण दाबलं गेलं आणि टीव्ही आपला आपण बोंबलत सुरू झाला.

"आई, ऊठ जरा."

"गुडघा धरलाय रे."

"व्यायाम करतेस ना रोज?"

सून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून घासलेलीच कढई पुन्हा घासू लागली.

पडद्यावर चौक आला. पांढरी गाडी आली आणि सायकलपासून अर्ध्या हातावर गचकन थांबली. काचेमागे काळा चष्मा लावलेली बाई. आईचा उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला गेला. मुलाचं पिवळं हेल्मेट समोर दिसलं तेव्हा दाबला गेला होता, तसाच.

"हा चष्मा तुझ्यासारखाच आहे की गं," मुलगा बायकोला म्हणाला.

"असे शंभर मिळतात," सून कढईत बघत म्हणाली.

मुलानं मोबाइल काढला आणि मोठ्यानं म्हणत तक्रार लिहायला घेतली. "सदर बाई बेफिकीर..." आईनं ओठ चावला. "वयानं गाडी चालवण्यास अयोग्य..." आईनं तेही गिळलं. "सिग्नल तोडून..."

"तोडला? मी? दिवा हिरवा होता माझा!"

सुनेच्या हातातून कढई सुटली. मुलगा आ वासून बघत राहिला.

"आई... तू?"

"माझ्याकडे काय बघतोस, वर बघ! तुझ्याच कॅमेऱ्यात आहे, तुझ्यासमोर काय जळतंय ते!"

मुलानं वर पाहिलं. लालभडक दिवा. सायकलचं पुढचं चाक पांढऱ्या पट्ट्याच्या पार पुढे.

"सायकलवाले जरा पुढे जातातच," तो पुटपुटला. मग म्हणाला, "पण नशीब, मास्तरांनी वेळेवर ब्रेक दाबला."

"मास्तर डोळे मिटून देवाला हाका मारत होते. ब्रेक मी दाबला."

मुलानं बोटानं एकेक अक्षर खोडून तक्रार पुसली.

आई उठली. गुडघा जरासुद्धा दुखला नाही.

"चालायला शिकवलं तेव्हाच तुला सांगितलं होतं, थांबायचं, दोन्हीकडे बघायचं, मग पाऊल टाकायचं. पाऊल टाकणं तेवढं ध्यानात राहिलं तुझ्या! रविवारी गाडी विकायची नाही. उद्या दहाला मास्तरांच्या गाडीत मागे बसून माझ्याबरोबर यायचं. रस्त्यावर कसं वागतात ते नीट बघ. आणि तोंड उघडू नकोस. तू फक्त दार नीट लाव."